रात्रपाळीचं झाड

३ मार्च
सकाळ, स्वयंपाकघर

प्रिय दिवसपाळी,

नमस्कार, आशीर्वाद, प्रेम, यातलं आज तुला जे झेपेल ते घे. इकडील सर्व कुशल असं लिहायची पद्धत आहे, पण इकडचं म्हणजे तुझंच स्वयंपाकघर, आणि ते काही कुशल नाही. नळ पुन्हा गळतोय. वायसर बदलला असं तू मागच्या आठवड्यात लिहिलं होतंस. एक तर तो वायसर चुकीचा होता, नाहीतर नळाला आपला कंटाळा आलाय.

एकाच घरात राहणारे नवरा-बायको एकमेकांना पत्रं लिहितात, हे मी काल चष्मिसला सांगितलं. चष्मिस म्हणजे आमच्याकडची ती नवी मुलगी, पानांचे फोटो काढते ती. तिला ते फार गोड वाटलं. मी म्हटलं, गोड वगैरे काही नाही. मी रात्री कामाला, तो दिवसा कामाला, आणि फोनवर तो फक्त 'ओके' लिहितो. शिवाय अप्पांनी लावलेली सवय आहे. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, त्यांना अर्धवट वाक्य बघवायचं नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा 'दूध आणणे' अशी चिठ्ठी ठेवली, तर त्यांनी ती मला परत दिली आणि म्हणाले, कोणी आणणे ते लिही. ते जाऊन वर्ष होऊन गेलं आणि आपण अजून साखरेच्या डब्याखाली पूर्ण वाक्यं ठेवतोय.

म्हणूनच तुझी कालची चिठ्ठी वाचून माझं डोकं फिरलं. कंपनी तुला दुसऱ्या शहरात मुख्य तंत्रज्ञ करून पाठवतेय, तिथल्या सगळ्या लिफ्टची देखभाल तुझ्या हाताखाली येणार, महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. इतकं सगळं नीटनेटकं लिहिलंस, आणि शेवटी काय? 'तू ठरव.' वाक्य पूर्ण आहे. अप्पांनीसुद्धा चूक काढली नसती. पण नोकरी तुझी, लिफ्ट तुझ्या, आणि ठरवायचं मी? तुला जायचंय का, ते लिहिलं नाहीस. मला बरोबर न्यायचंय का, तेही नाही. मी इथेच राहिले तर तुला चालणार आहे का, याबद्दल तर एक अक्षर नाही.

याचं उत्तर मी आज देणार नाही. आज झाडाबद्दल लिहिते.

आमच्या संशोधन संस्थेतल्या झाडांच्या खोलीचा एअर कंडिशनर दुरुस्तीला काढलाय. अर्धी खोली बंद, म्हणून मिठाच्या प्रयोगातल्या राखीव कुंड्यांपैकी एक मी घरी आणून खिडकीत ठेवली आहे. पानांवर चमकणारे थेंब दिसतील. ते दव नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे फडक्याने पुसायला जाऊ नकोस. ते पानाचे फुगे आहेत, त्यात ते मीठ साठवतं. ओट्याखाली पांढरा कॅन आहे, त्यात मिठाचं पाणी. ऊन उतरल्यावर, एक दिवसाआड, एक कप. मी निघते तेव्हा ऊन असतं, म्हणून हे काम तुझ्याकडे. साधं पाणी घालायचं नाही.

मागे एकदा तू विचारलं होतंस की रात्री झाडं झोपलेली असताना मी तिथे करते काय. तेव्हा मी घाईत होते, आता सांगते. पानांना बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. साधं झाड ती दिवसा उघडतं, हवा आत घेतं आणि उन्हावर लगेच अन्न करतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणीही उडून जातं. चांगल्या मातीत त्याचं काही वाटत नाही, मुळं आणखी पाणी ओढून आणतात. खाऱ्या मातीत मात्र पाणी समोर असून हाती लागत नाही, मीठ ते सोडतच नाही. मग आमचं हे झाड सगळा दिनक्रम उलटा करून टाकतं. दिवसा तोंड बंद. रात्री गारव्यात तोंड उघडून हवा घ्यायची, तिचं आम्ल करायचं आणि पेशीच्या पोटातल्या पिशवीत भरून ठेवायचं. मग दिवसा, बंद दाराआड, ते आम्ल मोडून आतल्या आत हवा सोडवायची आणि उन्हावर स्वयंपाक करायचा. त्याच पिशवीत ते मीठही कोंडून ठेवतं, म्हणजे पेशीतल्या ज्या हिरव्या कणांत खरं काम चालतं तिथवर ते पोचत नाही.

म्हणून पहाटे पान चावलं तर आंबट लागतं आणि संध्याकाळी नुसतं खारट. आमच्याकडे आम्ल मोजायला यंत्र आहे, पण त्याआधी एक पान चावून बघायची आमची पद्धत आहे. यंत्र तासाभराने जे सांगतं ते जीभ लगेच सांगते. मी रात्रभर मंद हिरव्या दिव्यात आम्ल मोजायला पानांच्या टिकलीएवढ्या चकत्या कापते, कारण पांढरा दिवा लावला की झाडाला सकाळ झाल्यासारखं वाटतं. फोनही आत नेता येत नाही. हे सगळं करून मी घरी येते तेव्हा तू निघून गेलेला असतोस. मला काय आणि झाडाला काय, रात्र अशीच जाते.

अंडी संपली आहेत. तू आण. (कोणी ते लिहिलंय.)

रात्रपाळी

*

११ मार्च
दुपार, झोप उडालेली

प्रिय दिवसपाळी,

नेहमीचे नमस्कार आहेतच, पुढे वाच.

आज मला भर दुपारी संस्थेत बोलावलं होतं. रात्रभर जागून सकाळी आले, डोळा लागतो न लागतो तोच मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. संचालक पाहुणे घेऊन येणार होते. बियाणांच्या कुठल्याशा कंपनीची चार माणसं, चकचकीत बूट, झाडांच्या खोलीत शिरताना एकमेकांना फोटोसाठी उभं करणारी. आमचे संचालक त्यांच्यापुढे खाऱ्या कुंडीला हात लावून म्हणाले, बघा, तक्रार नाही, कुरकुर नाही, झाडानं कसं जुळवून घेतलंय.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. पाच मिनिटं मी गप्प राहिले, हेच खूप झालं. मग मी मागच्या फळीवरून साध्या पाण्यावरची कुंडी आणली आणि शेजारी ठेवली. एकाच दिवशी रुजवलेली दोन्ही झाडं, आणि हे दुसरं पहिल्याच्या दुप्पट. म्हटलं, हेही बघा, याला जुळवून घ्यावं लागलं नाही. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, मग मिठावरचं इतकं लहान का? मी सांगितलं की मीठ कोंडायला ताकद लागते, आम्ल करायला लागते, ते पिशवीत ढकलायला लागते, सकाळी बाहेर काढायला पुन्हा लागते. ती ताकद कुठून येणार, तर वाढीतून. ते जगलंय हे खरं आहे आणि ते थोर आहे, मी रोज बघते म्हणून मला ते जास्त कळतं. पण ते वाढायचं थांबलंय, तेही सांगा ना लोकांना.

संचालक हसले, पण दात आवळून. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, पाहुण्यांसमोर जरा उत्साह दाखवत चला. मॅडम जाताना फक्त म्हणाल्या, घरी जा आणि झोप.

घरी आले तर डब्याखाली तुझी चिठ्ठी. 'तू आलीस तर छानच. नाही आलीस तरी मी जुळवून घेईन.'

हा शब्द मला आज एकाच दिवसात दोनदा ऐकायचा नव्हता. तू कशाशी जुळवून घेणार आहेस? रिकाम्या खोलीशी? माझ्याशिवाय जेवायची तर तुला इथेच सवय झाली आहे. तिथे फक्त खिडकीबाहेरचं दृश्य बदलेल. मी तुला साधं विचारते आहे की तुला काय हवंय, आणि तू मला सांगतोस की तुला काय चालेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर तू त्याला विचारत बसत नाहीस ना, की तुम्हाला कितव्या मजल्यावर चालेल?

मला राग आलाय. लिहूनही गेला नाही, हे विशेष. जाऊ दे, झोपते.

रविवारीसुद्धा तू घरात पाय न वाजवता फिरत होतास. दार लोटून घेतलंस, टीव्ही मुका करून बघितलास. मला जाग होती. मी उठून बाहेर यावं असं दोनदा वाटलं आणि मी आले नाही.

रात्रपाळी

*

२२ मार्च
सकाळ

दिवसपाळी,

प्रिय लिहायचं होतं, पण आज लिहीत नाही.

आत्ता सहज खिडकीतल्या झाडाचं पान तोडून चावलं. आंबट नाही. दुसरं तोडलं, खालचं. तेही नाही. पचपचीत, नुसतं पाणी. आधी वाटलं माझीच जीभ मेली. मग ओट्याखालचा कॅन उचलून बघितला, तर तो भरलेला. मी आणला तेव्हा होता तेवढाच, जेमतेम दोन बोटं कमी.

म्हणजे तू त्याला साधं पाणी घालत होतास. रोज. मी लिहून ठेवलेलं असताना.

एक काम सांगितलं होतं. एक. आमची खोली दुरुस्त झाली आहे, सोमवारी ती कुंडी मला परत न्यायची होती. राखीव असली म्हणून काय झालं, तिची नोंद आहे, तिच्याबरोबरची बाकीची झाडं तिकडे मीठ पीत बसली आहेत, आणि ही घरी राहून मजेत फुगलीय. आता मी मॅडमना काय सांगू, माझ्या नवऱ्यानं प्रयोगाला पाणी पाजलं?

ठरवायचं असतं तेव्हा माझ्यावर सोडतोस. आणि जिथे मी ठरवून, लिहून, कॅन भरून ठेवलाय, तिथे मात्र स्वतःच्या मनाचं करतोस. मला खरंच कळत नाही तुझं.

याचं उत्तर दे. 'सॉरी' नको, पूर्ण वाक्य.

*

२५ मार्च
सकाळ

प्रिय दिवसपाळी,

पुन्हा प्रिय लिहिलंय, नोंद घे.

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. तू आजवर लिहिलेल्या चिठ्ठ्यांत हीच सगळ्यात लांब असेल. 'झाड मान टाकायला लागलं होतं. मी कुंडी नळाखाली धरली, खालच्या भोकातून येणारं पाणी चाखून बघितलं, आणि खारटपणा जाईपर्यंत धूत राहिलो. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही.'

शेवटच्या वाक्यावर मी अडले. इतक्या वर्षांत न विचारता केलेली तुझी ही पहिली गोष्ट, आणि तीही माझ्या प्रयोगावर. हसू आलं आणि पुन्हा चिडलेही. कुंडीतून गळणारं पाणी चाखून बघणारा माणूस माझ्या घरात राहतो आणि मला ते कुंडीमुळे कळतं.

आता मॅडमचं ऐक. मी काल कुंडी घेऊन गेले, खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी एक पान तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाल्या, हे परत दिवसावर आलंय. आम्ही यंत्रावर लावून बघितलं, तर खरंच, रात्रीचं आम्ल जवळजवळ नाहीच. दिवसा तोंडं उघडी. मीठ धुतल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्यानं जुना दिनक्रम पुन्हा धरला. हे होऊ शकतं हे वाचून आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्या झाडांवर आम्ही बघितलं नव्हतं, कारण आम्ही सगळे मीठ घालण्यात गुंतलेले. एका कुंडीवरून काही सिद्ध होत नाही, आणि तू पाणी मोजून घातलं नसशीलच. पण मॅडमना नवा प्रयोग करायचा आहे. वेगवेगळ्या वयाची झाडं घ्यायची, मीठ धुवायचं, आणि कोण परत येतं ते बघायचं. वाचलेलं असं की कोवळी झाडं परत येतात. फुलावर आलेली येत नाहीत, ती मग रात्रीचीच होऊन जातात, कितीही गोडं पाणी घाला. मधे कुठेतरी ती वेळ असते आणि ती नेमकी कुठे, ते आम्हाला माहीत नाही.

यावरून लगेच आपल्याबद्दल काही काढू नकोस. आपण झाडं नाही. मला कुणी माणसांना झाडांची उदाहरणं दिली की कंटाळा येतो.

पण एक सांगायचं टाळते आहे, ते सांगून टाकते. नव्या प्रयोगाला दिवसाची मापं लागणार आहेत. मॅडमनी विचारलं, या वेळी तरी दिवसाची पाळी घेशील का? 'या वेळी तरी' असं त्या का म्हणाल्या, ते तुला माहीत नाही. जुनी यंत्रं जाऊन नवं यंत्र आलं तेव्हापासून रात्री माणूस कायम लागत नाही. आळीपाळीने गेलं तरी चालतं. त्यांनी मला दिवस देऊ केला होता, हिवाळ्याच्याही आधी. मी नको म्हटलं. चष्मिसनंही अदलाबदल करायची तयारी दाखवली होती, तिलाही नको म्हटलं. तुला मी कधीच सांगितलं नाही. तू समजत होतास की माझा नाइलाज आहे, आणि मी तुला तसं समजू दिलं.

का, ते लिहायला मला अवघड जातंय, पण लिहिते. अप्पा होते तेव्हा संध्याकाळी आपण तिघं टेबलाशी बसायचो. ते बोलायचे, आपण ऐकायचो. मला तुला काही सांगायचं असलं की मी अप्पांना सांगायचे. 'अप्पा, तुमचा मुलगा छत्री विसरून गेला होता.' तूही तेच करायचास. 'अप्पा, हिला म्हणावं, जरा लवकर झोपत जा.' ते मधे बसून वाक्यं दुरुस्त करायचे आणि पुढे पाठवायचे. ते गेल्यावर पहिल्या आठवड्यात आपण दोघंच जेवायला बसलो, तू भाकरीकडे बघत होतास, मी पाण्याच्या भांड्याकडे, आणि मला कळलं की आपल्याला एकमेकांशी थेट बोलताच येत नाही. वीस वर्षांत आपण ते शिकलोच नाही. तू गप्प झालास. मला वाटलं, वडील गेलेत, गप्प असणारच, थांबावं. मी थांबले. तू बोलला नाहीस. मला त्या शांततेत बसवेना. मला भीती वाटायला लागली की मी काही विचारलं तर तू 'तुला हवं तसं' म्हणशील आणि मी ताट फेकून देईन. मग प्रयोग आला, रात्र आली, आणि मी ती धरून बसले.

आता तू म्हणशील, मग आधी का नाही बोललीस. बरोबर आहे.

बदलीचं अजून लिहीत नाही. थोडेच दिवस उरलेत, मला माहीत आहे.

रात्रपाळी

*

२८ मार्च
पहाट उजाडताना, संस्थेच्या पायरीवर

प्रिय,

पुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून नुसतंच प्रिय.

काल सकाळी मी लवकर घरी आले. पहाटे इकडची वीज गेली, मापं घेता येईनात, मॅडम म्हणाल्या, निघा सगळे. एरवी मी काय करते ते आधी सांगते. माझं काम उजाडताच संपतं. घरी यायला वीस मिनिटं लागतात. पण मी रस्त्यापलीकडच्या कँटीनमध्ये जाते, चहा घेते, पेपर वाचते, रिकामा कप पुढे ठेवून बसते, आणि तू निघून गेला असशील अशी खात्री झाली की मगच निघते. वाटायचं, सकाळी तुला घर शांत लागतं. कामावर जायच्या आधी माझं तोंड बघून तुझ्या कपाळाला आठी पडू नये. असं मी स्वतःला सांगत होते.

काल कँटीनही अंधारात होतं, म्हणून सरळ घरी आले. जिन्यातच केस सारखे केले, स्वतःच्या घरी जाताना. वाटलं, आज तू असशील. काय बोलायचं ते दोन मजले ठरवत आले. दार उघडलं तर घर रिकामं. पलंगावरची चादर ताणलेली, तुझा कप धुऊन पालथा घातलेला, हत्यारांची पिशवी जागेवर नाही. वाटलं कुठेतरी लिफ्ट अडकली असेल आणि तुला बोलावलं असेल. हिरमुसले. खोटं कशाला बोलू, फार हिरमुसले.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतून खाली बघितलं. मीटरच्या खोलीमागे जी बुटकी भिंत आहे, तिच्यावर तू बसला होतास. पिशवी पायाशी. थर्मासच्या झाकणात चहा, मांडीवर कागदात पाव. आणि हातात माझं पंचवीस तारखेचं पत्र. तू ते वाचत होतास, मग घडी घालत होतास, मग पुन्हा उघडत होतास. मी खिडकीशी उभी राहिले. तू वर बघितलं नाहीस. किती वेळ गेला कोण जाणे. मग तू घड्याळ बघितलंस, पावाचे कण झटकलेस आणि कामावर गेलास.

मग मी खाली उतरले, तर खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या, त्यांना मी सहज म्हटल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज बसतो की गं तो तिथे. एकदा विचारलं मी, तर म्हणाला, ती दमून येते, मी घरात असलो तर तिला बोलावं लागेल. थेट झोपू दे तिला."

मी वर आले आणि ओट्याला टेकून रडले. मग उठून भांडी घासली, कारण रागाचं काय करायचं ते कळेना. माझ्यावरचा राग, तुझ्यावरचा राग, काकूंवरचासुद्धा, की त्यांना सगळं माहीत होतं आणि मला नाही. मी तुझ्यासाठी घर रिकामं ठेवत होते आणि तू माझ्यासाठी. सबंध हिवाळा. तू थंडीत भिंतीवर, मी कँटीनमध्ये गार कपापुढे, आणि मधे आपलं घर, कुलूप लावून, कुणासाठीच नाही. इतका समजूतदारपणा कुठल्या कामाचा? यापेक्षा आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. अप्पा असते तर त्यांनी दोघांच्याही टाळक्यात घातली असती.

आता बदलीबद्दल. मी ठरवणार नाही. पण मला काय हवंय ते सांगते, कारण ते मीही तुला कधी सांगितलं नाही, नुसती चिडत राहिले. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू मला घरात हवा आहेस, सकाळी, जागा, पाय वाजवत. सोमवारपासून मी दिवसाची पाळी घेतली आहे. काल दुपारी मॅडमना फोन करून सांगितलं. तुला विचारलं नाही. तू राहशील म्हणून घेतली असं नाही. तू गेलास तरी मला आता रात्री तिकडे लपायचं नाही.

आणि तुला जायचंच असेल, ते काम तुला मनापासून हवं असेल, तर ते सांग. मला 'चल' म्हण. मी कदाचित नाही म्हणेन, मॅडमचा प्रयोग मधे आहे. कदाचित सहा महिन्यांनी येते म्हणेन. आपण भांडू. पण तू 'चल' म्हटलंस हे माझ्याजवळ राहील. तू न विचारता निघून गेलास आणि मी न सांगता राहिले, असं मात्र होऊ द्यायचं नाही. त्याच्याशी मी कधीच जुळवून घेणार नाही.

हे पत्र साखरेच्या डब्याखाली मिळणार नाही. मी आता इथून उठून सरळ त्या भिंतीपाशी येते आहे. ते तुझ्या हातात देईन आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर समोर उभी राहीन. लिहून उत्तर द्यायचं नाही. अर्धवट वाक्य असलं तरी चालेल. चुकलं तरी चालेल. इथपर्यंत वाचलं असशील तर कागद खाली कर आणि तोंडानं बोल.

तुझ्यासमोर उभी आहे,
तुझी बायको